'स्पेस शटल'मधलं 'शटल' : यान, खेप की धोटा?

(एका शब्दचर्चेतून. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोरी पाटी

चार दिवस एकाच शब्दापाशी अडून बसले आहे. मुलांसाठी अंतराळप्रवासाबद्दल मराठीत लिहायचं काम हातात आहे. अपोलो झालं, सोयूझ झालं, व्हॉयेजर झालं. सगळ्यांना 'अंतराळयान' म्हणून निभावून नेलं. मग आलं स्पेस शटल. पहिलंच वाक्य लिहिलं आणि हात थांबला : 'अंतराळयान हे पुन्हा पुन्हा वापरता येणारं अंतराळयान होतं.'

हाताशी असलेल्या कोशांत पाहिलं तर अवकाशयान, अंतराळयान, अंतरिक्षयान हेच फिरून फिरून येतं. म्हणजे बाकीच्या यानांपासून त्याला वेगळं काढणारी जी एक गोष्ट, तीच मराठीत येताना गळून पडते. 'शटल' म्हणजे मुळात काय? त्याला मराठीत शब्द आहे का, की घडवावा लागेल?

सांजवारा

मूळ शब्द माहीत नाही, पण मराठीत शटल तीन ठिकाणी ऐकलं आहे. दोन स्थानकांमध्ये दिवसभर ये-जा करणारी गाडी, बॅडमिंटनचं फूल आणि हे यान. तिन्हीचं लिंग वेगळं धरतो का आपण? 'ती शटल चुकली' म्हणतो, कारण मनात गाडी असते. 'ते शटल जाळीत अडकलं', कारण मनात फूल. आणि 'ते शटल उतरलं', कारण मनात यान. शब्द बाहेरचा, पण लिंग प्रत्येक वेळी आपल्या घरच्या शब्दाचं.

ताणाबाणा

कोरी पाटी, शब्द आहे आणि चांगला जुना आहे. धोटा.

शटल हा मागावरचा शब्द. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यांच्यामधून आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे आणि परत जो पळतो तो धोटा. आमच्या घरात दोन पिढ्या मागावर गेल्या, म्हणून हातात धरून सांगतो. गुळगुळीत लाकडाची वीतभर-दीड वीत लांबीची होडी समजा. दोन्ही टोकं निमुळती, त्यांवर धातूची टोपणं. पोट कोरून पोकळ केलेलं, त्यात सुताची कांडी बसते. अंगाला एक बारीक भोक, त्यातून धागा बाहेर येतो. वापरून वापरून लाकडाला अशी झिलई चढते की हातातून निसटतो. टोकाला बोट लावलं तर कळतं, ही वस्तू नुसती ठेवायची नाही, फेकायची आहे.

इतिहासाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच 'धावता धोटा' घोकलाय. जॉन के, १७३३. त्याआधी विणकर धोटा एका हाताने टाकून दुसऱ्या हाताने झेलायचा, त्यामुळे कापडाचा पन्हा हाताच्या पल्ल्याएवढाच. रुंद कापडाला दोन माणसं लागायची. के यांनी दोरी ओढली की धोटा आपल्या वाटेवरून सुटेल अशी सोय केली. इंग्रजांनी त्याला 'उडता' म्हटलं, मराठीने 'धावता' केला. मला मराठी जास्त खरं वाटतं, कारण धोटा हवेत नसतो, फळीवरून घसरत पळतो.

मूळधातू

ताणाबाणा यांच्या उत्तराला पुस्ती. इंग्रजीत 'शटल' आणि 'शूट' ही एकाच कुळातली. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बाण किंवा फेकून मारायचं अस्त्र. पुढे मागावरची फेकली जाणारी वस्तू, मग तिची ये-जा लक्षात राहून दोन ठिकाणांमध्ये फिरणारी गाडी, आणि शेवटी यान.

सांजवारा

बाण! म्हणजे आपल्या 'ताणाबाणा'तला बाणाही तिथूनच? आडवा धागा बाणासारखा सुटतो म्हणून?

मूळधातू

मोह होतो खरा, पण नाही. बाणा हा विणणे या अर्थाच्या संस्कृत 'वे' धातूच्या घरातला. धनुष्याचा बाण वेगळा. दोन शब्द कानाला जुळतात, नातं मात्र नाही. अशा जागी जरा थांबावं, कारण ऐकायला गोड वाटणारी व्युत्पत्ती सगळ्यात लवकर पसरते आणि सगळ्यात उशिरा मरते.

तिसरा टप्पा

धोटा शब्द आवडला. पण यंत्राच्या बाजूने पारखून घ्यायला हवा, नाहीतर शब्द सुंदर आणि अर्थ चुकीचा असं व्हायचं.

पहिली अडचण अशी की 'शटल' म्हणजे नेमकं कुठलं अंग? उड्डाणतळावर उभा असायचा तो तीन भागांचा जुडगा होता. पंखांचं यान, म्हणजे ऑर्बिटर, सुमारे ३७ मीटर लांब. त्याच्या पोटाशी नारिंगी टाकी, ती यानापेक्षाही मोठी, ४७ मीटरच्या आसपास. आणि दोन बाजूंना घन इंधनाचे दोन पांढरे बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी रॉकेटं. नासाच्या कागदावर या सगळ्या व्यवस्थेचं नाव शटल नव्हतंच. ते होतं 'स्पेस ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम', म्हणजे अंतराळ-वाहतूक व्यवस्था. म्हणून मोहिमांचे क्रमांक एसटीएस-१, एसटीएस-२ असे. लोक मात्र कधी सगळ्या जुडग्याला शटल म्हणत, कधी फक्त पंखवाल्या यानाला.

आता ये-जा कोणाची? बूस्टर दोन मिनिटं जळून सुटायचे, पॅराशूटने समुद्रात पडायचे, जहाजं त्यांना ओढून आणायची आणि ते पुन्हा भरले जायचे. यान कक्षेत जाऊन धावपट्टीवर परत यायचं. टाकी मात्र कधीच परत आली नाही. साडेआठ मिनिटांत ७०० टनांहून जास्त द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन यानाच्या तीन इंजिनांना पाजायचा आणि वातावरणात जळून तुटून जायचं, एवढंच तिचं आयुष्य. पहिल्या दोन उड्डाणांत तिला पांढरा रंग दिला होता. पुढे तो देणं बंद केलं आणि पावणेतीनशे किलोंच्या आसपास वजन वाचलं. जगाला जो नारिंगी रंग शटलची ओळख म्हणून आठवतो, तो न दिलेल्या रंगाचा रंग आहे, उष्णतारोधक फेसाचा.

तेव्हा धोटा म्हणायचं तर तो फक्त ऑर्बिटर. आणि त्यालाही मागावरच्या धोट्याचा वेग नव्हता. वर्षाला पन्नासहून जास्त उड्डाणांच्या गोष्टी सुरुवातीला होत होत्या. प्रत्यक्षात एका वर्षात सर्वाधिक झाली ९, १९८५ साली. १२ एप्रिल १९८१ ला जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन कोलंबिया नावाच्या ऑर्बिटरमधून गेले तेव्हापासून २१ जुलै २०११ ला अटलांटिस उतरलं तोवर, तीस वर्षांत १३५.

ताणाबाणा

टप्पा, तुमचं पटलं. पण एक गोष्ट तुमच्या हिशेबातून सुटली, आणि माझ्या मते तीच धोट्याची मुख्य गोष्ट आहे. धोटा नुसता ये-जा करत नाही. नुसती ये-जा करायला घड्याळाचा लंबक पुरे. धोटा प्रत्येक फेरीत एक धागा मागे ठेवतो, आणि कापड वाढतं ते त्या धाग्याने.

शटलने वर काय ठेवलं ते सांगा.

तिसरा टप्पा

हे मला सुचलं नव्हतं. सांगतो.

यानाच्या पाठीवर १८ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद मालकक्ष होता. त्याचे दोन दरवाजे कक्षेत गेल्यावर उघडायचे. धोट्याचं कोरलेलं पोट म्हणा. एप्रिल १९९० मध्ये डिस्कव्हरीने त्यातून हबल दुर्बीण बाहेर ठेवली. तिच्या आरशाला चुकीचा आकार गेल्याचं कळल्यावर १९९३ मध्ये एंडेव्हर परत तिथे गेलं, अंतराळवीरांनी तो दोष भरून काढणारी उपकरणं बसवली. डिसेंबर १९९८ मध्ये एंडेव्हरनेच युनिटी हा भाग नेऊन आधी वर असलेल्या रशियन झार्याला जोडला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा तो पहिला सांधा. पुढची बारा-तेरा वर्षं एकेका फेरीत एकेक तुळई, सौरपंखांची जोडी, खोली, असं करत ते स्थानक वाढलं.

म्हणजे आडवा धागा आहे, आणि तो अजून डोक्यावरून फिरतो आहे. माझी हरकत मागे घेतो.

कोरी पाटी

हे वाचून अंगावर काटा आला. धोटा नक्की येणार मजकुरात.

पण मुलांनी धोटाच पाहिलेला नसेल तर? न पाहिलेल्या वस्तूची उपमा देऊन न पाहिलेली वस्तू कशी समजवायची? दुसऱ्या भाषांनी काय केलंय?

मूळधातू

दोन वाटा दिसतात. फ्रेंचमध्ये 'नावेत'. तो मागावरचा धोटाच, पण शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'नाविस', म्हणजे नाव. आकार होडीसारखा म्हणून. रशियन 'चेल्नोक' म्हणजेही धोटा आणि लहान होडीही. ताणाबाणांनी वर 'लाकडाची होडी समजा' म्हटलं तेव्हा मला हसू आलं, कारण तीच उपमा किती भाषांना आपापली सुचली आहे. दुसरी वाट जर्मन आणि स्पॅनिशची. जर्मन 'राउमफेर' आणि स्पॅनिश 'त्रान्सबोर्दादोर' दोन्ही धोटा सोडून थेट अलीकडून पलीकडे नेणाऱ्या नावेकडे जातात.

सोव्हिएत संघाचं तसंच दिसणारं यान होतं, बुरान. अर्थ हिमवादळ. ते १५ नोव्हेंबर १९८८ ला एकदाच, माणसांशिवाय गेलं, पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून आपोआप धावपट्टीवर उतरलं. पुन्हा कधी उडालं नाही. त्याला धोटा म्हणायला जीभ रेटत नाही. एका फेरीने कापड होत नाही.

सांजवारा

मग 'खेप' का नको? माल घेऊन केलेली फेरी म्हणजे खेप. 'दोन खेपांत सगळं सामान हललं' म्हणतो तशी. फेरी रिकामीही असते, खेपेला ओझं लागतं. हेलपाटा तर फुकट गेलेली फेरी. येरझार म्हटलं की जन्ममरण आठवतं. खेप बरोबर बसते. 'खेपयान'?

ताणाबाणा

खेप उत्तम, खेपयान नको. जोडून घट्ट केलेला शब्द बोलताना कुणी वापरणार नाही. पण नासा 'मिशन' म्हणते तिथे आपण डोळे झाकून 'मोहीम' लिहितो. मोहिमेला शत्रू, शिखर किंवा अनोळखी प्रदेश लागतो. सामान पोचवून परत यायचं तर ती खेपच. 'डिस्कव्हरीच्या ३९ खेपा झाल्या' हे वाक्य मला एकदम घरचं वाटतं.

तिसरा टप्पा

शब्दांचं चाललंच आहे तर उष्णता अडवायला यानाच्या अंगावर बसवलेल्या 'टाइल'चंही बघा. मराठीत ती उष्णतारोधक 'फरशी' झालेली पाहिली आहे आणि दर वेळी खटकते. फरशी पायाखाली असते, जड असते, एकासारखी दुसरी असते. शटलची टाइल तिन्ही बाबतींत उलटी.

ती वाळूतल्या सिलिकाच्या अतिशुद्ध तंतूंची. आकारमानाचा नव्वद टक्के भाग नुसती हवा. हातात घेतली तर थर्मोकोलचा ठोकळा उचलल्यासारखं वाटेल. भट्टीतून लालभडक काढलेला ठोकळा काही सेकंदांतच उघड्या बोटांनी कोपऱ्यांना धरून उचलून दाखवत. आतून निखाऱ्यासारखा उजळलेला, आणि कडा हाताला सोसवणाऱ्या. असं का, तर त्यातून उष्णता इतकी हळू वाहते की बोटांपर्यंत पोचायच्या आत कडा निवलेली असते. कक्षेतून ताशी २८,००० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने यान हवेत घुसायचं तेव्हा याच हळूपणावर आतली माणसं जगायची. कारण टाइलखालचं अंग साध्या ॲल्युमिनियमचं होतं. नाक आणि पंखांच्या पुढच्या कडा सर्वांत तापायच्या, तिथे टाइल नव्हे, कार्बनचं वेगळं कवच होतं.

कोलंबियावर सुरुवातीला अशा टाइल तीस हजारांच्या घरात होत्या. यानाचं अंग वळणांचं, म्हणून बहुतेक प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर तिचा क्रमांक. आणि त्या सरळ धातूवर चिकटवलेल्या नव्हत्या. धातू तापला-निवला की पसरतो, आखडतो, टाइल मात्र ठिसूळ. म्हणून मध्ये नमद्यासारख्या कापडाची गादी. माणसांनी हातांनी एकेक बसवलेल्या.

ताणाबाणा

मग फरशी नाही, कौल!

कौल छपरावर असतं, हलकं असतं, एकेक सुटं बसवतात आणि फुटलं तर तेवढंच बदलतात. आणि प्रत्येक खेपेनंतर नासाचे लोक टाइल तपासून, निखळलेल्या काढून नव्या बसवत होते ना? त्याला आपल्याकडे शब्द आहे : शाकारणी.

तिसरा टप्पा

शाकारणी! वर्षाला ९ उड्डाणंच का झाली याचं मोठं उत्तर या एका शब्दात आहे. दर खेपेनंतर अख्खं यान शाकारायचं. त्याशिवाय इंजिनं उतरवून तपासायची, जुळणी-इमारतीत टाकी-बूस्टरशी पुन्हा जोडणी, मग साखळीपट्ट्यांच्या अजस्र गाड्यावरून पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू तळापर्यंत. धोटा पळायचा क्षणभर, बाकीचा काळ माग दुरुस्त करण्यात जायचा. मला हे अपयश म्हणून सांगायचं नाही. तीस हजार कौलं हातांनी तपासणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

कोरी पाटी

आता अवघड भाग. चॅलेंजर. मी लिहिलंय : '२८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी चॅलेंजरचा स्फोट झाला आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.' बरोबर आहे?

तिसरा टप्पा

'स्फोट' बदला. सगळं जग तसं म्हणतं, कारण दिसलं तसंच. पण बूस्टरच्या सांध्यातून निसटलेल्या ज्वाळेने टाकी फोडली, आणि त्या वेगात यान सरळ वाऱ्याला तोंड देऊ शकलं नाही, हवेच्या दाबाने मोडून विखुरलं. 'विखुरलं' लिहा. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना कोलंबियाचंही तेच झालं, कारण वेगळं. उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या त्या कार्बन-कडेवर आदळला होता. सोळा दिवसांनी त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले. कल्पना चावला त्यात होत्या.

आणि 'दुर्घटना' लिहिताना जपा. दुर्घटना म्हटलं की दैव आलं. चॅलेंजरच्या सांध्यात पाऊण सेंटीमीटरही जाड नसलेलं रबराचं कडं होतं, पावणेचार मीटर व्यासाच्या बूस्टरला वेढणारं. त्या सकाळी हवा गोठणबिंदूच्या जेमतेम वर होती. गारठ्यात ते रबर दबलं की लगेच मूळ आकाराला येत नव्हतं, आणि बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच उड्डाण नको म्हणून सांगितलं होतं. चौकशीच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला, आणि सगळ्यांसमोर तो दबलेलाच राहिला. आधी सांगितलेलं असताना घडलेल्या गोष्टीला मी 'अपघात' म्हणेन, फार तर. 'दुर्घटना' नाही.

कोरी पाटी

दोन्ही बदलते. मुलांना हे खरंच सांगायला हवं.

शेवटचा एक. प्रकरणाचा विषय आहे लोकांना वाटलेलं शटलचं... काय? आकर्षण म्हटलं तर चुंबक आठवतो. कुतूहल म्हटलं तर प्रश्न विचारणं आलं. वेड म्हटलं तर जास्त होतं.

सांजवारा

अप्रूप.

मूळधातू

अगदी. 'अपूर्व'मधून आलेला शब्द, म्हणजे पूर्वी न पाहिलेलं. त्यात आनंदही आहे आणि जपून हात लावणंही आहे. अप्रूपाची गंमत अशी की नित्याची झालेली गोष्ट अप्रूपाची राहत नाही, आणि शटलचं सगळं स्वप्नच नित्याचं होण्याचं होतं.

पण ते टिकलं. पहिलं चाचणी-यान कॉन्स्टिट्यूशन नावाचं होणार होतं. एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा असा पाऊस पाडला की नाव एंटरप्राइझ झालं. ते यान कधी अंतराळात गेलं नाही. १९७७ मध्ये बोइंग ७४७च्या पाठीवरून सोडून, इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याच्या चाचण्या त्याच्यावर झाल्या. आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये निवृत्त एंडेव्हर लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून संग्रहालयाकडे नेलं, तेव्हा त्याचे पंख जाण्यासाठी शेकडो झाडं तोडावी लागली, दिवसांमागून दिवस लागले, आणि दोन्ही बाजूंना माणसांची दाटी. जे यान दीड तासात पृथ्वीभोवती फेरी मारायचं, ते घरांच्या दारांवरून पावलापावलाने गेलं. लोक हात वर करून पंखाखाली उभे होते. जळकट, डागाळलेली कौलं इतक्या जवळून पाहायला मिळाल्यावर अप्रूप कसं संपेल?

कोरी पाटी

पहिलं वाक्य आता असं केलंय, बघा :

'कापड विणताना माग चालू असतो तेव्हा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळतो, परत येतो, आणि दर फेरीत एक आडवा धागा मागे सोडून येतो. इंग्रजीत धोट्याला शटल म्हणतात. पृथ्वी आणि अंतराळ यांच्यामध्ये अशाच खेपा घालणाऱ्या यानाला ते नाव मिळालं.'

पुढे सगळीकडे 'शटल'च ठेवते, नपुंसकलिंगी. मिशनला खेप, टाइलला कौल, आणि शाकारणीला एक अख्खा परिच्छेद. बाजूला धोट्याचं चित्र हवं. ताणाबाणा, तुमच्याकडे आहे का एखादा?

ताणाबाणा

आहे. आजोबांचा. एका टोकाचं टोपण निघालंय, पण कांडी अजून आत आहे. उद्या उजेडात फोटो काढतो.

आणि 'मागे सोडून येतो' नको, 'अंथरून येतो' लिहा. सोडलेला धागा लोंबतो.